दोरीवरची कामं

एकाच आठवड्यात आफताबने दोनदा माती खाल्ली होती. आधी त्याने कौशल्याबाईंच्या कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट एका दातांच्या डॉक्टरांना पाठवलं आणि मग डॉक्टरांच्या दवाखान्याची पाटी कौशल्याबाईंना. डॉक्टर सभ्य होते. 'छान आहे, पण आमचं नसावं,' एवढंच त्यांनी कळवलं. कौशल्याबाई मात्र मूळच्या यवतमाळच्या आणि स्वभावाने आपल्या मालाशी प्रामाणिक.

"माह्या मसाल्यानं दात पडते असं सुचवाचं हाये काय तुमाले?" त्यांनी फोनवर विचारलं होतं. "शुक्रवारी पाचपर्यंत साही पाकिटं छापखान्यात गेली पाहिजे. गेली, तर वर्षभराचं काम तुमचं. नाही गेली, तर दुसरा माणूस पायला हाये मी."

हे वर्षभराचं काम आफताबच्या फार जिव्हाळ्याचं होतं. घरी बसून डिझाइनची कामं करायला त्याने स्वतःलाच एक वर्षाची मुदत दिली होती आणि ती संपत आली होती. हिंजवडीच्या एका कंपनीचं पत्र कपाटात घडी घालून ठेवलेलं होतं. सोमवारी सकाळी सात वाजता हडपसरच्या कोपऱ्यावर कंपनीची बस येणार होती आणि कौशल्याबाई हातच्या गेल्या तर त्या बसमध्ये आफताबला चढावं लागणार होतं. गळ्यात ओळखपत्र अडकवून खिडकीला डोकं टेकून झोपलेला आपला चेहरा त्याला आताच दिसू लागला होता.

म्हणून शुक्रवारी सकाळी त्याने निश्चय केला की आता शिस्त. कुठलं काम कुठवर आलंय आणि कोणाला काय कळवायचं राहिलंय, हे सगळं सांभाळणारं एक ॲप त्याने फोनवर घेतलं. त्यात तीन रकाने होते: प्रतीक्षेत, सुरू, तयार. काम एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं की गिऱ्हाईकाला आपोआप संदेश जायचा आणि गिऱ्हाईकाचं उत्तर आलं की त्याचीही आपोआप नोंद व्हायची.

बाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या अब्बांना त्याने हौसेने ते दाखवलं. अमीनभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"दोरी आहे ही," ते म्हणाले.

"अब्बा, ॲप आहे."

"तेच. फक्त चिमटे नाहीत."

बुधवार पेठेत, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांच्या रांगेत, 'अमीन पेंटर' हे आठ फुटांचं दुकान चाळीस वर्षं होतं. निम्म्या पेठेच्या पाट्या अमीनभाईंच्या हातच्या. दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक सुतळीची दोरी बांधलेली असे आणि तिच्यावर लाकडी चिमट्यांनी चिठ्ठ्या लटकत. दाराकडे नवी कामं, आतल्या भिंतीकडे तयार. काम पुढे सरकलं की चिठ्ठी पुढे सरकायची. गिऱ्हाईक रस्त्यावरूनच मान वाकडी करून आपली चिठ्ठी कुठवर आली ते बघायचं आणि एक शब्द न बोलता निघून जायचं. शब्द वाचवण्याची पेठेला मुळातच आवड.

शाळा सुटली की आफताब तिथे रंगाच्या डब्यावर बसायचा. टर्पेंटाइनचा वास, ओल्या अक्षरांवर बसू पाहणाऱ्या माश्या आणि चिमटे सरकवण्याचा मान. दहा वर्षांचा असताना त्याने स्वतःच एक चिठ्ठी लिहिली होती: 'आफताब. बोर्ड १. घाई आहे.' अब्बांनी ती गंभीरपणे वाचली आणि दाराकडच्या टोकाला लावली.

"गिऱ्हाईकांचं आधी, घरचं नंतर," ते म्हणाले होते.

गिऱ्हाईकं येत राहिली आणि ती चिठ्ठी टोकालाच राहिली. पुढे फ्लेक्स आले, एका दिवसात छापून मिळू लागले. मग अब्बांचा हात कापू लागला. तीन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. दोरी आणि चिमटे हडपसरच्या फ्लॅटच्या गॅलरीत आले आणि अम्मी त्यावर मोजे-रुमाल वाळत घालू लागली. तेव्हापासून अमीनभाई दिवसभर तिथे बसून समोरच्या दुकानांच्या पाट्यांना नावं ठेवत. 'द' ला पोट नाही, 'ळ' ला कंबर नाही. त्याखेरीज ते फारसं बोलत नसत. आफताबला ते जाणवायचं, पण त्यावर करायचं काय हे त्याला कळायचं नाही.

तर, ॲप. त्यात गिऱ्हाईकांचे नंबर भरायचे होते. हातातली कामं नऊ होती, पण एकेक नंबर शोधत कोण बसणार? आफताबची एक सवय होती. गिऱ्हाईकाचा नंबर साठवताना तो आधी 'काम' हा शब्द लिहायचा: 'काम कौशल्या मसाले', 'काम दातांचे डॉक्टर'. ॲपला त्याने सांगितलं, 'काम'पासून सुरू होणारी सगळी नावं उचल, 'प्रतीक्षेत' टाक आणि सगळ्यांना कळव. बरोबर बारा वाजता बटण दाबून, फोनचा आवाज बंद करून तो अब्बांबरोबर जुम्म्याच्या नमाजाला गेला. तिथून दोघे परस्पर चुलत्यांकडे गेले आणि जेवूनच परतले.

दोन गोष्टी तो विसरला होता. ही सवय त्याची नव्हती, अब्बांची होती, त्यांच्याकडूनच ती त्याला लागली होती. आणि दोन वर्षांपूर्वी अब्बांचा जुना फोन बिघडला तेव्हा त्यातले सगळे नंबर त्याने आपल्याच फोनमध्ये घेऊन ठेवले होते.

दोन वाजता त्याने फोन उघडला. त्याच्या नऊ गिऱ्हाईकांबरोबर 'अमीन पेंटर'च्या तीनशे बारा जुन्या गिऱ्हाईकांनाही एक संदेश गेला होता: 'नमस्कार. आपले काम आमच्याकडे सुरक्षित आहे. सद्यस्थिती: प्रतीक्षेत. काही सूचना असल्यास अवश्य कळवाव्यात. आफताब अमीन.'

पुणेकरांना सूचना कळवा असं आपण होऊन सांगितलं होतं. त्यांनी कळवल्या.

'बोर्ड दोन हजार नऊ साली दिला होता. तरी घाई करू नये.'

'आमची लाँड्री बंद होऊन दहा वर्षं झाली. काम सुरक्षित आहे हे वाचून हायसं वाटलं.'

'प्रतीक्षेत नक्की कोण आहे, आपण की आम्ही? वासंती टीचर, शिकवणी वर्ग.'

उत्तर आलं की नोंद, आणि ॲपच्या हिशेबी नोंद म्हणजे नवं काम. सकाळच्या नऊ कामांची आता एकशे सत्तावीस झाली होती. काहींनी तो संदेश आपापल्या ग्रुपवर ढकलल्यामुळे अनोळखी नंबरांचीही रांग लागली होती. आफताबने पहिल्यांदा कौशल्याबाईंचं नाव शोधलं. काही नव्हतं.

कौशल्याबाई दुपारी एक शेवटची दुरुस्ती पाठवणार होत्या. पण स्वतःच्या फोनवरून काही पाठवणं त्यांना ठाऊक नव्हतं. मसाला कांडणाऱ्या सात-आठ बायकांपैकी जिचा फोन हाताशी येईल त्यावरून त्या दोन शब्द धाडत आणि नाव कधीच लिहीत नसत. 'माही गोष्ट वाचल्यावर मीच हाये हे समजाले नको काय?' असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ती दुरुस्ती या एकशे सत्तावीसमध्येच कुठेतरी दडून बसली होती. त्यांना अम्मीच्या फोनवरून लावला, तर कांडपाच्या धडधडीत तो कोणी उचलत नव्हतं आणि आफताबचा स्वतःचा फोन तर मोकळाच होत नव्हता.

"अमीनभाई का?" पलीकडून कोणीतरी ओरडलं. "मी नागोराव, टायरवाला. काम चालू केलं म्हणं परत?"

"नाही काका, मी आफताब. तो मेसेज चुकून..."

"चुकून कसा? माझ्याच नंबरावर आलाय की तो. अब्बाला दे."

आफताबने फोन गॅलरीत नेऊन दिला.

"बोल, नागोराव," अमीनभाई म्हणाले. "तुझ्या 'ट' चा रंग उडाला असणार. उन्हाच्या बाजूला लावू नको म्हटलं होतं तुला."

पुढची दहा मिनिटं अम्मी स्वयंपाकघराच्या दारात ओले हात तसेच धरून उभी राहिली. अमीनभाई हसत होते. एक फोन संपला की दुसरा येत होता. पलीकडच्याने नाव सांगायच्या आधीच ते त्याच्या पाटीचा रंग सांगत होते. तीन वर्षांत त्यांनी एवढं बोललेलं घरात कोणी ऐकलं नव्हतं. पण घड्याळात सव्वातीन झाले होते आणि गहिवरायला सवड नव्हती.

"अब्बा, कौशल्याबाईंचा मेसेज सापडत नाहीये," तो म्हणाला. "सगळ्यांना एकेक उत्तर लिहून विचारायचं म्हटलं तर रात्र होईल. सोमवारी मला हिंजवडी."

अमीनभाईंनी फोन बंद करून बाजूला ठेवला. मग उठून दोरीवरचे मोजे काढले आणि घडी करून अम्मीच्या हातात दिले.

"वाच एकेक," ते म्हणाले. "नाव नको. फक्त काय लिहिलंय ते. आणि तुझी नऊ कामं कोणती ती आधी सांग. चिठ्ठ्या करतो."

आफताबने लॅपटॉप आणून वाचायला सुरुवात केली. अमीनभाई कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाचे तुकडे करून कापऱ्या हाताने चिठ्ठ्या लिहीत होते.

"'काळ्यावर पांढरं चालेल का?'"

"छत्रीवाला. वीस वर्षं ठरत नाहीये त्याचं. पुढे."

"'पत्ता बदलला आहे, नोंद घ्यावी.'"

"वकील. ते सारखे बदलतात. पुढे."

"'अक्षर जरा ठसठशीत असावे.'"

"शंभू भेळवाला. एवढं ठसठशीत काढलं की भिंत संपली. पुढे."

चार वाजले. शंभर झाले, एकशे दहा झाले. अमीनभाई एकदाही अडखळले नाहीत.

"'देठ नको,'" आफताबने वाचलं.

अमीनभाई थांबले. "परत वाच."

"'देठ नको. लाल जरा वर सरकवा.'"

"हे माझं गिऱ्हाईक नव्हे," अमीनभाई म्हणाले. "चाळीस वर्षांत मी देठ असलेलं काही रंगवलेलं नाही."

आफताब लॅपटॉप घेऊन आत पळाला. सहा पाकिटं, सहा मिरच्या, सहा देठ.

चारच देठ उडाले होते तेवढ्यात दारावरची बेल वाजली. कौशल्याबाई स्वतः आल्या होत्या. 'प्रतीक्षेत' म्हणजे काय, हे त्यांनी मसाला कांडणाऱ्या बायकांना तीनदा विचारलं होतं.

"कुठं हाये ते?" त्यांनी दारातूनच विचारलं. "सकाळी म्हणते काम झालं, दुपारी म्हणते प्रतीक्षेत. माहं काम हाये तरी कुठं?"

"ते काय," अमीनभाई शांतपणे म्हणाले आणि त्यांनी गॅलरीकडे बोट केलं.

दोरीवर नऊ चिठ्ठ्या वाऱ्यावर हलत होत्या. कौशल्याबाईंनी पदर खोचला आणि मान वाकडी करून एकेक चिठ्ठी वाचत पुढे गेल्या. शेवटून दुसऱ्या चिमट्याला त्यांची सापडली: 'मसाला पाकिटं ६. देठ काढणे चालू.'

"म्हणजे एकच चिमटा राहिला काय?"

"एकच. बसा. चहा घ्या."

कौशल्याबाई बसल्या. आफताब चार बावन्नला बाहेर आला आणि 'छापखान्याला पोहोचलं' एवढंच म्हणाला. अमीनभाईंनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या आणि त्यांनी आपल्या हातांनी ती चिठ्ठी शेवटच्या चिमट्याला लावली. मग मागे सरकून ती सरळ लागली का ते पाहिलं.

"ते फोनातलं मले काही पाठवू नका," जाताना त्या आफताबला म्हणाल्या. "समजत नाही न् डोकं फिरते. वर्षभर रोज सकाळी या दोरीचा फोटो पाठवत जा. बस."

सोमवारी सकाळी सात वाजता कंपनीची बस कोपऱ्यावर आली आणि आफताबला न घेताच गेली. वरून, गॅलरीतून, त्याने ती जाताना पाहिली. ॲप त्याने रविवारीच काढून टाकलं होतं. मग दोरीचा फोटो काढून कौशल्याबाईंना आणि त्याबरोबर बाकीच्या आठांनाही पाठवला. दातांच्या डॉक्टरांनी 'छान आहे. या वेळी आमचंही दिसतंय,' असं कळवलं.

अर्ध्या तासाने कुण्या कांताबाईच्या नंबरावरून कौशल्याबाईंचा फोन आला.

"फोटो पायला. माहं बरोबर हाये. पण ते इकडच्या टोकाले पिवळी पडलेली चिठ्ठी कोणाची हाये? 'घाई आहे' लिहिलंय अन् हलूनच नाही राहिली. बिचाऱ्याचं काम कधी देता?"

आफताब आतून परत गॅलरीत आला; घाईत फोटो काढताना ते टोक त्याने नीट पाहिलंच नव्हतं. दाराकडच्या टोकाला खरंच एक दहावी चिठ्ठी होती. कागद पिवळा, अक्षर दहा वर्षांच्या मुलाचं, वरच्या कोपऱ्यावर चिमट्याचा जुना गंजका डाग. एकवीस वर्षं ती अब्बांनी कुठे जपून ठेवली होती कोण जाणे. खाली फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर पत्र्याचा एक तुकडा होता आणि अमीनभाई डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून त्यावर 'आ'चा काना ओढत होते. काना जरासा थरथरला होता. टर्पेंटाइनचा वास पार स्वयंपाकघरापर्यंत गेला होता.

"अब्बा," आफताब म्हणाला, "गिऱ्हाईक विचारतंय, या कामाचं काय?"

अमीनभाई सावकाश उठले. उजव्या हातात ब्रश होता, म्हणून डाव्या हाताने त्यांनी ती चिठ्ठी एक चिमटा पुढे सरकवली.

"सुरू आहे म्हणून सांग," ते म्हणाले.