हत्ती थोरला, अजगर मी

रस्त्यावर दोन कुत्र्यांची जुंपली की लोक दगड उचलतात. आमचे खरात सर वही काढतात. एकदा भर बाजारात दोन वळूंच्या झुंजीपुढे ते असे रमले, की टोमॅटोवाली मावशी ओरडली, "ओ मास्तर, मरायचंय का हितं?"

लोणावळ्याच्या शाळेत मी गणित शिकवायचो, सर चित्रकला. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात लाकूड कोरून छापलेल्या चित्रांचं जाडजूड पुस्तक कायम त्यांच्या पिशवीत. पानोपानी जनावरांच्या मारामाऱ्या. "सिंह म्हणजे सत्ता, कोल्हा म्हणजे कपट. प्राणी निमित्तमात्र हो, भांडण माणसांचं!" हे त्यांचं पालुपद. स्टाफरूमच्या खिडकीत दोन बोके गुरगुरले, तर सरांनी त्यांत मुख्याध्यापक आणि हेडक्लार्क ओळखले. तेही मोठ्याने.

निवृत्तीनंतर ते स्वतःच ठसे कोरू लागले. तुंगार्लीतल्या त्यांच्या खोलीत एक ठसा वर्षभर झाकलेला होता. मी आगाऊपणे फडकं उचललं. हत्तीच्या पायांना अजगराचा विळखा.

"जुनी कल्पना आहे. अजगर हत्तीचं रक्त पितो, हत्ती मरता मरता त्याच्यावरच कोसळतो. दोघंही संपतात." मग हळूच म्हणाले, "हत्ती थोरला, अजगर मी."

सरांचे थोरले भाऊ जवळच्याच औंढे गावात शेती करतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरचे बैल सरांना न विचारता विकले. तेव्हापासून सरांनी अबोला धरलेला. मला रागच आला. "सर, जगाची भांडणं उलगडता, आणि स्वतःचं फडक्याखाली?"

 सरांनी पटाशी घेतली. लाकडाच्या ठशात एकदा कोरलेलं भरता येत नाही. जे उडवाल ते कागदावर पांढरं. सरांनी विळखाच उडवला. छापल्यावर हत्तीच्या पायांवर पांढरे पट्टे दिसले, बाजूला अजगराचं नुसतं डोकं उरलं.

"राहू देत," सर म्हणाले. "वण आहेत ते."

रविवारी मी त्यांना औंढ्याला घेऊन गेलो. भाऊंनी अंगणातच चित्र लांब धरून पाहिलं.

"हत्ती कोन?"

"तू."

"आन् ह्यो साप?"

"मी."

भाऊंनी पायांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बैलं न्हेली तवा गोठ्यात बसून रडलो मी. तुला सांगनार व्हतो, पर तू फोनच उचलंनास."

सरांच्या डोळ्यांना धार लागली. माझ्याही. भाऊंनी आत हाक दिली, "अगं, मास्तर आलाय, भाकऱ्या वाढव!" आणि सरांकडे वळून म्हणाले, "आता चित्रात आपली बैलं काढ. झुंजताना नगं. एका जुवाला जुपलेली."