समोरचं माहेर

आमच्या समोर राहणारी शोभा दर दिवाळीला माहेरी येते, म्हणजे रस्ता ओलांडून आमच्या घरी येते. पिशवीत दोन साड्या भरते, नवऱ्याला स्वयंपाकाच्या सूचना देते आणि आमच्या दारात उभी राहून माझ्या आईला म्हणते, "आये, आले गं." मग चार दिवस ती स्वतःच्या घरात पाऊल टाकत नाही. समोर शेळी ओरडायला लागली की आमच्या ओट्यावरून नवऱ्याला हाक मारते, "आवं, तिला पानी दावा. मी माहेराला आलेय." भाऊबीजेला मला ओवाळते. जाताना आई तिची ओटी भरते, शोभा डोळ्याला पदर लावते आणि रस्ता ओलांडून सासरी जाते.

जामखेड तालुक्यातलं आमचं गाव कोरडं. दोन एकरवाल्याला इथं मुलगी मिळत नाही. शोभाच्या नवऱ्याला, बाळूलाही पस्तिशी उलटली तरी मिळाली नव्हती. मग एका मध्यस्थानं बंगालमधून ही आणली. तेव्हा ती शेफाली होती, एकोणीस वर्षांची, आणि तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. लग्नात तिच्या बाजूनं कुणीच नव्हतं. माझी आई तिच्यामागं जाऊन उभी राहिली, कारण कुणीतरी उभं राहायला हवं होतं. तेवढ्यावरून शोभानं आमचं घर माहेर ठरवून टाकलं. आम्हाला विचारायची तिला गरज वाटली नाही.

सोळा वर्षांत ती आमच्याहून जास्त आमच्यातली झाली. "आपल्यात आसं नसतं" हे तिचं पालुपद. शेंगोळ्यांत कुणी टोमॅटो घातला, आपल्यात आसं नसतं. पुण्याची सून संक्रांतीचं वाण घ्यायला गाऊनवर आली, आपल्यात आसं नसतं. एका लग्नात तर तिनं मंगलाष्टका सुरू करणाऱ्या गुरुजींना थांबवलं. "नवरीमागं मामा न्हाई. आपल्यात आसं नसतं." मामा चहा प्यायला गेला होता. तो येईपर्यंत गुरुजी, नवरा-नवरी आणि सगळा मांडव हातात अक्षता धरून उभा राहिला.

भात तिला चालत नसे. "भात आजाऱ्यानं खावा," म्हणायची. आठवडी बाजारात मासळीवाल्या बायकांजवळून जाताना नाकाला पदर लावायची. खरं माहेर कुणी विचारलं तर एकच उत्तर, "पुरात गेली समदी." मग पुढं विचारायची सोय नसे.

मी गावच्या दूध संकलन केंद्रावर काम करतो. गेल्या वर्षी तिथं रोज सकाळी एकच विषय असायचा. मोबाईलवर व्हिडिओ यायचे, बाहेरून घुसलेले लोक, त्यांची कागदपत्रं, गाडीत बसवून नेलेली माणसं. किटल्या रिकाम्या होईपर्यंत वाद चालायचा. एकदा शोभाही रांगेत होती. म्हणाली, "हाकललंच पायजे. कुनी बी यावं आन् ऱ्हावं, आपल्यात आसं नसतं." कुणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही, माझ्याही नाही.

महिन्याभरात पोलीस ठाण्यात निनावी अर्ज गेला, बाळूची बायको बांगलादेशी आहे.

मी त्या दोघांबरोबर गेलो. साहेब तरुण होते, बोलायला मऊ. "ताई, तुमचं आधार इथलं आहे. जन्म कुठला? आई-वडील कोण?"

"मेली."

"गाव तरी सांगा."

बाळू हात जोडून म्हणाला, "सायेब, हिचं गाव आता हेच हाय."

"तुमचं बरोबर आहे. पण खात्री झाली नाही तर मला प्रकरण वर पाठवावं लागेल. मग माझ्या हातात काही राहत नाही."

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती. शोभाची मुलगी शाळेतून रडत आली. दोन घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. केंद्रावर सुदामअण्णा, जे रोज मोठ्यानं हाकलण्याच्या बाजूनं बोलायचे, ते म्हणाले, "शोभीचं वेगळं हाय. ती आपली हाय." रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आन्ना, गाडीत घालून नेलेलं बी कुनाच्या तरी गावात आपलंच असत्याल की." अण्णा किटली उचलून निघून गेले.

त्या दुपारी शोभा आमच्या ओट्यावर येऊन बसली. आई शेंगा फोडत होती. शोभानंही मूठभर पुढ्यात ओढल्या.

"आये, ती मेली न्हाई."

"कोन गं?"

"माजी आई." तिनं पुढ्यातल्या दोन शेंगा फोडल्या. "बाप गेला, जमीन नदीनं नेली. तिनं मला त्या मानसासंगट गाडीत बसवलं. लगीन हाय म्हनाली, कुटं ते बोलली न्हाई. गाडी हालायच्या आधीच पाठ फिरवून गेली. मी खिडकीतनं बगत हुते, एकदा बी वळली न्हाई. मग मीच ठरवलं, मेली."

आईनं तिला समजावलं नाही. फक्त विचारलं, "गावाचं नाव ठावं हाय का?"

दुसऱ्या दिवशी शोभानं साहेबांना नाव सांगितलं. नदीकाठचं छोटं गाव, सीमेच्या आपल्याच बाजूचं. तिकडच्या ठाण्याला फोन गेले. आठवडे गेले. बाळूला जेवण जाईना. शेवटी एक दिवस बोलावणं आलं, व्हिडिओ कॉल लावायचा आहे. सुदामअण्णाही न सांगता आमच्याबरोबर जीपमध्ये बसले.

मोबाईलच्या पडद्यावर एक वाळकी म्हातारी दिसली. मागं पत्र्याची भिंत, शेजारी तिकडचा हवालदार. म्हातारी पडद्याला नाक लावून बघत होती. मग म्हणाली, "शेफाली? खेयेछिस, मा?"

एवढं मलाही कळलं. जेवलीस का पोरी, असं ती विचारत होती.

शोभा म्हणाली, "व्हय. जेवले. भाकरी खाल्ली."

"ताई, तुमच्या भाषेत बोला," साहेब हळूच म्हणाले. "तिकडचे ऐकतायत."

शोभानं तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द येईना. जगातल्या कुणालाही चूक दाखवणारी ही बाई शाळेत उत्तर न आलेल्या पोरीसारखी उभी होती. "येत न्हाई सायेब," ती म्हणाली. "समदी गेली माज्यातनं."

म्हातारीला मात्र काही अडलं नाही. ती रडत बोलत राहिली, आणि शोभा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत राहिली. तिकडच्या हवालदारानं म्हातारीचं मतदार कार्ड दाखवलं, गावच्या चार माणसांनी पोरीला ओळखलं. थोड्या दिवसांनी साहेबांनी प्रकरण बंद झाल्याचं कळवलं. शाळा, हळदीकुंकू, दुधाची रांग, सगळं पूर्ववत झालं. अर्ज कुणी दिला ते कळलं नाही. शोभानं ते शोधायचाही प्रयत्न केला नाही.

परवा संध्याकाळी मी दुधाची पावती द्यायला तिच्याकडं गेलो. शोभा चुलीसमोर भाकरी थापत होती. शेजारी पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवला होता. पडद्यावर म्हातारी जमिनीवर बसून विळीवर मासे कापत होती. दोघी बोलत नव्हत्या. इकडं भाकरीचा थपथप आवाज, तिकडं विळीची करकर.

"फोन चालू राहिलाय," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे दादा," ती म्हणाली. "तिचा सैपाक व्हायचाय अजून."