कण्हेर आणि अळणी पास्ता

कालोजेरोच्या गॅलरीतून शेजारच्या जेर्लांदोचं अंगणातलं जेवणाचं टेबल सरळ दिसत असे, आणि दिसलेलं पोटात ठेवायची कालोजेरोला सवय नव्हती. "आज परत वांगीच का?" "तिसऱ्यांदा वाढून घेतोयस, जेर्लांदो." तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला सुखाने दोन घास खाता येऊ नयेत, हे जेर्लांदोच्या मनाला फार लागलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याने टेबल आणि गॅलरी यांच्यामध्ये कण्हेर लावली. आता ती गॅलरीच्या कठड्याला हातभर कमी पडत होती. हा उन्हाळा संपायच्या आत तो हातभर भरून काढायचाच, असा त्याने पण केला.

अडचण पाण्याची होती. नळाला बारा दिवसांनी पाणी येई, आणि गच्चीवरच्या टाकीवर त्याची बायको नुन्त्सिया हिचं राज्य होतं.

"झाडाला थेंब मिळणार नाही," ती म्हणाली. "हायवेच्या मधोमध कण्हेरी उभ्या आहेत, त्यांना कोण पाणी पाजतंय?"

"त्या नुसत्या जगतात. मला ही वाढवायचीय."

मग जेर्लांदोची नजर रोज मोरीत ओतल्या जाणाऱ्या पास्त्याच्या पाण्यावर गेली. चांगलं पातेलंभर पाणी, पण त्यात मूठभर मीठ; झाड जळायचं.

"उद्यापासून पाण्यात मीठ टाकू नकोस."

नुन्त्सियाच्या हातातलं झाकण हातातच राहिलं. "अळणी पास्ता? माझ्या चुलीवर? माझी आई वरून बघतेय."

"मीठ सॉसमध्ये घाल की."

"ते आत मुरतं का? चाळीस वर्षं काय खाल्लंस तू माझ्या हातचं? तुझा तू शिजव."

तो शिजवू लागला. स्वयंपाकाच्या पाण्याला नुन्त्सियाला नाही म्हणता येईना, म्हणून तो दोन्ही वेळा शिजवी, तेही वीस माणसांच्या भांड्यात. कण्हेर तरारली. जेर्लांदोचं तोंड मात्र उतरलं.

"वहिनी, वेगवेगळं जेवताय? भांडण झालं का?" कालोजेरोने वरून विचारलं.

"भांडण कसलं? तो अळणी खातोय."

कालोजेरोने छातीवर क्रूसाची खूण केली. डॉक्टरांनी हात टेकल्याशिवाय त्या गावात कुणी अळणी पास्ता खात नसे. संध्याकाळपर्यंत बारमध्ये सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी पाद्री येऊन तासभर जेर्लांदोचा हात धरून बसले. खरं सांगितलं, तर झाड कुणाला अडवायला लावलंय ते कालोजेरोला कळणार, म्हणून जेर्लांदो गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी दूर उत्तरेतल्या तोरिनोहून त्यांची लेक इमाकोलाता विमानाने आली.

"पप्पा, लपवू नका. किती दिवस राहिलेत?"

जेर्लांदोने कण्हेरीच्या शेंड्याकडे पाहिलं. "ऑगस्ट संपेपर्यंत," तो म्हणाला. "तेवढ्यात होईल."

ती ओक्साबोक्शी रडली. तिला खरं काय ते समजावून परत पाठवताना नुन्त्सियाच्या नाकी नऊ आले.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कण्हेर कठड्याच्या वर गेली, गुलाबी फुलांनी लगडून. नुन्त्सियाने नेहमीसारखा पास्ता केला. वरून चकार शब्द आला नाही. जेर्लांदोला इतका आनंद झाला की पहिला घास त्याने डोळे मिटून खाल्ला.

तेवढ्यात फाटक वाजलं. कालोजेरो स्वतःची खुर्ची घेऊन आत आला.

"वरून आता काही दिसत नाही रे," तो म्हणाला. "जीवाला घोर लागून राहतो, जेवलास की नाही कळत नाही." त्याने टेबलाला खुर्ची लावली आणि ताटात डोकावला. "एवढंसंच? वहिनी, याला अजून वाढा. आणि हळू खा, जेर्लांदो, चावून खा."

"अरे, मी ठणठणीत आहे."

"सगळे असंच म्हणतात," कालोजेरो मायेने म्हणाला.

सोमवारी तो गळ्याला जेवणाचा रुमाल बांधूनच आला. बुधवारी मेव्हण्यालाही घेऊन आला, तोही काळजीत होता. गुरुवारी सकाळी जेर्लांदोने करवत काढली आणि कण्हेर कमरेएवढी उतरवायला घेतली. नुन्त्सियाने काही न विचारता शिडी धरली.