बाहेरचे मोजणाऱ्या म्हात्रे मॅडम

समोरच्या म्हात्रे मॅडम कुणाला चांगलं-वाईट म्हणत नाहीत. त्या माणसाचे इलेक्ट्रॉन मोजतात. तेही फक्त सर्वांत बाहेरच्या कवचातले. "आतले कितीही असू देत गं, व्यवहार बाहेरचेच करतात!"

कल्याणच्या कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवून त्या आता डोंबिवलीत, आमच्या मजल्यावर एकट्या राहतात. आमचा वॉचमन म्हणजे सोडियम: बाहेर एकच, तो कुणाच्या तरी गळ्यात मारायला टपलेला, म्हणून दिसेल त्याच्याशी गप्पा. सोसायटीचे सेक्रेटरी क्लोरीन: बाहेर सात, एक कमी, म्हणून सारखं कुणाकडून तरी काहीतरी ओढणार. आणि स्वतः मॅडम?

"मी निऑन. आठ पूर्ण. ना देणं, ना घेणं."

चहाला बोलावलं तरी हेच उत्तर.

गणपतीआधीची साफसफाई चालू होती. मी यादी करून कामं वाटली होती. सासूबाईंना फक्त वाती वळायच्या होत्या. अचानक उग्र वास आला. अशा वेळी डोंबिवलीकर जे करतात तेच मी केलं. "सोडला वाटतं गॅस केमिकल कंपनीवाल्यांनी," म्हणत धडाधड खिडक्या लावल्या.

दारावर थापा पडल्या. "खिडक्या उघड आधी! वास तुझ्याच घरातून येतोय!" मला बाजूला सारून मॅडम थेट बाथरूमकडे. आत सासूबाई खोकत होत्या. फरशी जास्त चकचकीत व्हावी म्हणून त्यांनी ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड ओतलं होतं.

नाकाला पदर लावून मॅडमनी त्यांना जवळजवळ उचलूनच गॅलरीत आणलं. "अहो काकू, क्लोरीन आहे तो! आठवा इलेक्ट्रॉन मिळवायला तुमची फुप्फुसंही सोडणार नाही!"

"फरशी तरी चकचकीत निघाली का?" खोकता खोकता सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी तपासून "घाबरण्यासारखं काही नाही" म्हटलं, तेव्हा कुठे मी कामांची यादी पुन्हा हातात घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम रोज संध्याकाळी यायला लागल्या. "बसत नाही. फक्त खोकला ऐकून जाते." ऐकता ऐकता चहा व्हायचा. चहानंतर दोघींच्या गप्पा रंगायच्या. माझा कुकर होऊन जायचा तरी चालूच.

हळूहळू खोकला पार गेला. मी तसं मॅडमना दारातच सांगितलं.

"अरे वा! छान झालं," त्या म्हणाल्या. "मग आता... ठीक आहे." आणि चष्मा पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात आतून सासूबाई खोकल्या. मोठ्याने, आणि अगदीच खोटं.

मॅडमनी चपला काढल्या.