कलमदादांची हूल

"मालकांनी आपली इमारत विकली म्हणे," बायको म्हणाली आणि भाजी चिरणारी तिची सुरी थांबली. तिची भीती खरी होती. लग्नानंतर जेवढी भाड्याची घरं झाली, त्यांत हे पहिलंच असं, की जिथं स्वयंपाकघरात दिवसा दिवा न लावता भाजी चिरता यायची. वरचा मजला, दोन मोठ्या खिडक्या. न्हाणीघराचं छत गळायचं, तेवढं सोडलं तर तिची या घराबद्दल काही तक्रार नव्हती.

कलमदादांना मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हे गृहस्थ विमा कंपनीत कारकून. कायद्याशी त्यांचा संबंध एवढाच, की भाडेकराराचं कुठलंही कलम ते कुठल्याही माणसाला, त्यानं विचारलेलं नसताना, ऐकवू शकत. गल्लीनं वैतागून त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते त्यांनी पदवीसारखं मिरवलं.

"अगं, घाबरतेस काय? करारात स्पष्ट लिहिलंय. घर विकलं गेलं, तर मुदत संपायची वाट न बघता भाडेकरू महिन्याच्या नोटिशीवर सोडून जाऊ शकतो. हक्क आहे आपला!"

"पण आपल्याला कुठं जायचंय?"

"जायचं नाहीच! नुसती हूल द्यायची. घर घेतलं नाही तोच भाडेकरू निघाला म्हटल्यावर नव्या मालकिणीचं धाबं दणाणेल. विनवण्या करत येईल. मग आपण म्हणायचं, आधी न्हाणीघर दुरुस्त करा."

"नुसतं सांगितलं तर नाही करणार का त्या?"

"सांगणं वेगळं आणि हक्क बजावणं वेगळं," कलमदादा म्हणाले. असली वाक्यं त्यांच्याकडे नेहमी तयार असत.

नवी मालकीण म्हणजे कोपऱ्यावरची बेकरीवाली. रविवारी ती बिस्किटांचा पुडा घेऊन आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली.

"दादा, मी काय म्हणत होते—"

"आधी माझं ऐका."

"अहो, पण मी—"

"मधे बोलू नका. हे कायदेशीर आहे."

कलमदादांनी उभं राहून अख्खी नोटीस वाचली. स्वयंपाकघराच्या दारात बायकोनं कपाळाला हात लावला. बेकरीवालीनं स्वतःच आणलेला पुडा फोडला आणि एक बिस्कीट खाल्लं.

"झालं वाचून?"

"झालं. आता बोला तुम्ही!"

"मी काय बोलणार? तुमचा हक्क आहे. मी सांगायला आले होते, की भाडं आहे तेच ठेवते आणि उद्यापासून न्हाणीघराचं काम काढते. पण तुम्ही निघालाच आहात, तर बरंच झालं. रिकाम्या घरात काम पटापट होतं." तिनं नोटीस घेतली आणि पुडा ठेवून गेली. बाई सज्जन होती, आणि सज्जन माणसापुढे कलमदादांची विद्या कधीच चालली नव्हती.

"आत्ताच्या आत्ता खाली बेकरीत जा आणि चूक झाली म्हणून सांगा," बायको म्हणाली.

एवढंच वाक्य बोलायचं होतं. पण ते कुठल्याच कलमात नव्हतं, आणि आपण मालकिणीला कसं कोंडीत पकडणार, हे कलमदादा अख्ख्या ऑफिसला सांगून बसले होते. आज नको, उद्या बघू, असं करत ते एकदाचे जिना उतरले, तर तळमजल्यावरच्या सिस्टरनं वाटेतच गाठलं. ही बिचारी दवाखान्यात रात्रपाळी करायची आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोल्यांत, लोकांच्या पायांची धडधड ऐकत, दिवसा झोपायचा प्रयत्न करायची.

"कलमदादा, तुमचे उपकार कसे फेडू? तुमचं घर मला मिळालं! तुम्ही म्हणता तसा हक्कबिक्क काही बजावला नाही मी. नुसतं विचारलं. मालकीणबाई लगेच हो म्हणाल्या."

वर दारात उभ्या बायकोनं हे ऐकलं. "अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात," ती म्हणाली. "आमचं घर रिकामं."

मग घरं बघणं सुरू झालं. शहाण्या माणसानं पाणी येतं का ते विचारावं. कलमदादा उंबऱ्यातच विचारायचे, "तुम्ही हे घर विकलंत, तर माझा हक्क काय?" काहींनी गोड बोलून दार लावलं, काहींनी न बोलता. एका आजोबांनी तर हातात दिलेला चहाचा कप परत मागितला. शेवटी मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, "ताईला आणि सामानाला माझ्याकडे पाठवा. तुमचं तुम्ही बघा."

महिना संपत आला. कलमदादांसारख्या भाडेकरूला मिळण्याजोगी एकच जागा उरली होती: सिस्टरनं सोडलेली, जिन्याखालची.

हमालांनी कपाट वरून खाली आणलं आणि विचारलं, "टेम्पो कुठं लावलाय?"

"टेम्पो नाही. इथंच ठेवा."

दोघा हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं कपाटाआड तोंड लपवलं, तरी त्याचे खांदे हलत होते.

संध्याकाळी बेकरीवाली नवा करार घेऊन आली. "घर विकलं तर सोडून जाण्याचं कलम यातही ठेवू ना?"

कलमदादांनी तोंड उघडलं.

"ठेवा," बायको म्हणाली. "पण नोटिशीवर सही माझी लागेल, हेही लिहा."

दुसऱ्या दिवशी वरून हातोड्याचे ठोके येऊ लागले. न्हाणीघराचं काम सुरू झालं होतं; ते संपेपर्यंत सिस्टर दवाखान्यातच झोपणार होती. भर दुपारी बायको भाजी चिरायला बसली. हातातली सुरी तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाली, "दिवा लावा."

कोणत्या कलमाखाली, हे न विचारता कलमदादा उठले.