कंपन जाणवले नाही

तेहेतीस मजली कार्यालयाची जलद लिफ्ट अठराव्या मजल्यानंतर थरथरत असे. एके सकाळी मुख्य साहेबांचा चहा पेल्यातून थेट त्यांच्या सदऱ्यावर आला, तेव्हा ही बाब प्रशासनाच्या निदर्शनास आली.

लिफ्टचे मिस्त्री वर जाऊन पाहून आले. "साहेब, रुळांवर फिरणाऱ्या चाकांचं रबर झिजलंय. गोदामात नवी चाकं पडून आहेत. जेवणाच्या सुट्टीआधी काम फत्ते."

"इतकं सोपं असतं तर समिती कशाला नेमली असती?" साहेब म्हणाले.

समितीने प्रथम कंपनाची व्याख्या केली: प्रवाशास जाणवते ते कंपन. अर्थात, जाणवले नाही तर कंपन नाही. सबब, लिफ्टचा पास हवा असणाऱ्याने रोज प्रवासातच 'मला कंपन जाणवले नाही' या छापील अर्जावर सही करावी, असे ठरले. ज्यांना जाणवेल, त्यांना जिना मोकळा होता. पहिल्याच दिवशी चारशे बारा जणांना काहीही जाणवले नाही.

पण सह्या अशा आल्या, की मुंगी शाईत पडून कागदावरून पळाली असावी. नोंद विभागाने त्या जुन्या सह्यांशी ताडून शेरा मारला: 'लिफ्ट स्थिर असल्याचे सिद्ध झालेच आहे. त्याअर्थी कर्मचाऱ्यांचे हात थरथरतात.' डॉक्टरीणबाईंना पाचारण झाले. खोली रिकामी नसल्याने तपासणी लिफ्टमध्येच उरकली. मिस्त्रींसकट सर्वांना कंपवात निघाला आणि औषध सुरू झाले.

थरथरत्या हातांत हत्यार देणे नियमबाह्य, म्हणून मिस्त्रींची पेटी सीलबंद झाली.

"माझे हात थरथरतात का गं?" संध्याकाळी त्यांनी बायकोच्या सुईत दोरा ओवून देताना विचारले.

"एका फटक्यात ओवलात की! डोकं मात्र तपासून घ्या. तीस वर्षं त्या लोकांत काढलीत."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मिस्त्रींनी शेजाऱ्याचा पाना मागून आणला, पहारेकऱ्याची समजूत घातली आणि चाके बदलली. सोमवारी लिफ्ट सुटली कधी आणि पोचली कधी, कोणाला कळले नाही. सह्या सरळ आल्या. औषधाचा गुण आला म्हणून डॉक्टरीणबाईंचा सत्कार झाला, आणि विनापरवाना हत्यार चालवल्याबद्दल मिस्त्रींना निलंबित करून चौकशी लागली.

"चाकं बदलल्यावरच थरथर थांबली," मिस्त्री म्हणाले. "विचारा की कोणालाही."

विचारले. मात्र आधी प्रत्येक साक्षीदाराला नियम वाचून दाखवला: लिफ्ट पूर्वी थरथरत होती असे म्हणणाऱ्याचा अर्ज खोटा ठरेल आणि पास जमा होईल.

"थरथर? छे, कधीच नव्हती," एकेक जण सांगून गेला. शेवटी टंकलेखक बाई आल्या. मिस्त्रींना त्या दादा म्हणत. बाईंचे गुडघे दुखत.

"मला काही आठवत नाही हो, दादा," त्या फरशीकडे बघत म्हणाल्या.

"असू दे, ताई," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी ओळखपत्र टेबलावर ठेवले.

तुम्हाला या सर्वांचा संताप आला असेल, तर तो रास्तच आहे. फक्त एक सांगा: तुमचे कार्यालय कितव्या मजल्यावर आहे?