दामल्यांची दगडावरची चटई

मार्चचा पहिला सोमवार: वसाहतीच्या समितीची पहिली नोटीस, जबाबदार, सचिव. एप्रिलचा दुसरा शुक्रवार: दुसरी नोटीस; जबाबदार, तेच सचिव. परवाचा मंगळवार: 'अंगणातील दगड व खडी तीस दिवसांत काढून हिरवळ लावावी' असा आदेश, जबाबदार, अध्यक्ष, ज्यांनी माझ्या एकाही पत्राची पोच दिलेली नाही.

आरोपी कोण? माझे शेजारी दामले. निवृत्त इंजिनिअर. परदेशातल्या आमच्या या बॉथेल गावच्या पावसात स्वतः चिंब भिजत एका रोपट्यावर छत्री धरून उभा असलेला गृहस्थ दिसला, तर तेच. रोपट्याचे नाव मॉस कॅम्पियन. मूळचे बर्फाळ शिखरांवरचे. दगडांना बिलगून चटईसारखे पसरते, उंची करंगळीएवढीही नाही, मे महिन्यात चार-दोन गुलाबी फुले. मुळाशी पाणी साचले की कुजते.

"हिला लाड सोसत नाहीत," हे दामल्यांचे पालुपद. खताचे नाव काढाल तर, "उपाशी ठेवा, सुखी राहील!"

आपल्याकडे पेल्यात उरलेले पाणी फेकत नाहीत, झाडाला घालतात. त्याच संस्काराने मी एकदा अर्धा पेला त्या चटईवर रिता केला.

"अहो वकीलसाहेब, खून करताय!"

"पाणी घातलं, विष नव्हे."

"हिला तेच विष! कलम तुम्हीच शोधा."



म्हणून दामल्यांच्या पत्नी कुमुदवहिनींना पाहिले तेव्हा मी हबकलो. रोज सकाळी स्नान करून त्या त्याच चटईवर तांब्याभर पाणी घालतात आणि हात जोडतात. वहिनींची स्मृती विरत चालली आहे. ती तुळसच आहे, अशी त्यांची खात्री आहे. दामले शेजारीच उभे असतात.

"त्यांना अडवत नाही?" मी विचारले.

"अडवलं होतं एकदा. दिवसभर रडली. म्हणे, तुळस तहानलेली आहे." दामल्यांनी चष्मा पुसला. "पुढे ते रोप कुजलंच. मग दोन फूट खणलं, तळापासून खडी भरली, नवं लावलं. आता घालू दे हवं तेवढं. पाणी थांबतच नाही."

तीच खडी समितीला काढावयाची आहे. माझी मागणी एकच. अध्यक्षमहाशयांनी पुढील खुल्या सभेत, सर्वांसमक्ष, उभे राहून उत्तर द्यावे: सकाळी वहिनी तांब्या घेऊन हिरवळीवर येतील आणि "तुळस कुठे गेली?" म्हणून विचारतील, तेव्हा ते दामल्यांनी सांगावयाचे, की आपण स्वतः येणार आहात?